शेवाळाशी वैर

घरात प्रवाळांची पेटी मांडणाऱ्या माणसाला समुद्राचा एक तुकडाच आपल्या ताब्यात आल्यासारखे वाटते. समुद्राचे पाणी, जिवंत सूक्ष्म जीवांनी भरलेले खडक, प्रकाश आणि हवेचे बुडबुडे एवढ्या सामग्रीवर प्रवाळ काचेच्या भिंतींआड जगू शकतो, हे जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ साली एका लेखातून मांडले. पुढे या छंदाचे वेड वाढतच गेले. भारतात समुद्रातून प्रवाळ काढण्यास २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, हे येथेच सांगितलेले बरे.

परंतु एक-दोन महिने लोटतात न लोटतात तोच काचेवर तपकिरी पूट चढते, आणि मागोमाग खडकांवर हिरव्या केसांसारखे शेवाळ उगवते. पाहता पाहता ते प्रवाळाला झाकून टाकते. मालक ब्रश घेऊन खडक लख्ख घासतो. पंधरवड्यात शेवाळ पुन्हा हजर! मग तीन दिवस पेटीवर काळे कापड घालण्याचा उपाय होतो. शेवाळ मरते खरे, पण ते पेटीतच कुजते आणि त्याने साठवलेले नत्र व स्फुरद पुन्हा पाण्यात उतरते. पुढच्या पिकाला घातलेले खतच ते.

हे खत येते कोठून? माशांना प्रेमाने टाकलेल्या जादा खाद्यातून, आणि आटलेल्या पाण्याच्या जागी ओतलेल्या नळाच्या पाण्यातूनही. खडकांतील जंतू अमोनियाचे नायट्रेट करतात. ते आणि फॉस्फेट मात्र साचत राहतात. यात एक चकवा आहे. पाण्याची परीक्षा करावी तर फॉस्फेट शून्य निघते आणि मालक निर्धास्त होतो. वास्तविक ते शेवाळाच्या पोटात गेलेले असते. उलट, अतिउत्साहाने पाणी अगदी निःसत्त्व केले, तर प्रवाळच फिकट पडतो. कारण त्याच्या पेशींत राहून त्याला अन्न पुरवणारे जीव हेही एक प्रकारचे शैवालच.

अमेरिकेतील स्मिथ्सोनियन संस्थेच्या वॉल्टर एडी यांनी या वैऱ्यालाच चाकरीस ठेवले. त्यांची प्रवाळपेटी १९८० साली वॉशिंग्टनच्या संग्रहालयात लोकांसमोर आली. पेटीबाहेर प्रखर दिव्यांखाली जाळीवर शेवाळ मुद्दाम वाढवायचे, वरून पाणी खेळवायचे आणि ठरावीक दिवसांनी ते खरवडून काढायचे. कापणीबरोबर खतही पेटीबाहेर जाते.

समुद्रात ही कापणी कोण करतो, हे कॅरिबियन समुद्रात दिसून आले. लांब काट्यांचा काळा सागरी अर्चिन, साळिंदराचा धाकटा भाऊच म्हणाना, तेथे खडकांवर चरत असे. १९८३-८४ च्या साथीत तो जवळजवळ नाहीसा झाला. वादळाने आणि बेसुमार मासेमारीने आधीच दुबळ्या झालेल्या जमैकाच्या खडकांवर सत्तरीच्या दशकाअखेर प्रवाळाचे आच्छादन सुमारे ५२ टक्के होते. नव्वदीच्या प्रारंभी ते ३ टक्क्यांवर आले, आणि शेवाळाने ९२ टक्के जागा व्यापली.

म्हणूनच जाणते मालक आता पेटीत गोगलगायी आणि छोटे अर्चिन सोडतात. अर्थात त्यांनी खाल्लेले शेवाळ विष्ठेवाटे पाण्यातच परतते. जाळी खरवडण्याचे आणि खाद्याची चिमूट लहान ठेवण्याचे काम मालकाकडेच राहते.