कवीची भूमी म्हणजे काय?

(कार्यकर्त्यांच्या अभ्याससहलीपूर्वी केलेले भाषण)

उद्या आपण गोंदोडा, रामदेगी आणि चिमूर येथे जाणार आहोत. तुकडोजी महाराजांची वाणी ज्या परिसरात घडली तो डोळ्यांनी पाहावा, हा या सहलीचा हेतू. निघण्यापूर्वी एका प्रश्नाचा विचार करू. कवीची भूमी पाहायची, म्हणजे नेमके काय पाहायचे?

स्पेनमधील ग्रानादाच्या परिसरात लोर्का या कवीसाठी असा प्रवास करणारे वाचक पुष्कळ आहेत. फुएन्ते वाकेरोस या खेड्यातील त्याचे जन्मघर आणि ग्रानादातील उन्हाळी निवास ही आज संग्रहालये आहेत. पण त्या घरांचे अर्थशास्त्रही वाचावे लागते. लोर्काचे वडील जमीनदार होते. तेथील खोऱ्यात साखरेच्या बीटला आलेल्या तेजीने ते संपन्न झाले. त्याच खोऱ्यातील मजुरांचे दारिद्र्य त्यांच्या मुलाने जवळून पाहिले. ऑगस्ट १९३६ मध्ये फ्रँकोच्या पक्षपात्यांनी त्याला गोळ्या घातल्या. २००९ साली उत्खनन होऊनही त्याचा देह सापडला नाही. घरे जपली गेली. न्यायाचा प्रश्न मात्र उरलाच.

आता आपल्याकडे वळू. तुकडोजींचा जन्म १९०९ साली अमरावती जिल्ह्यातील यावलीचा. पण तरुणपणीच्या साधनेचा काळ चिमूरकडच्या अरण्यात गेला. भाविक गोंदोड्याला जातात, साधनेच्या जागेपुढे नतमस्तक होतात. त्यात गैर काहीच नाही. परंतु हे अरण्य म्हणजे केवळ एकांत नव्हे. मोहफुले वेचणारी, तेंदूपाने तोडणारी, बांबू विणणारी माणसे तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. ब्रिटिशांच्या वनकायद्यांनी जंगल सरकारी मालकीचे केले आणि या माणसांचा परंपरागत वापर हा गुन्हा ठरू लागला. साधकाला शांतता देणारे जंगल रहिवाशाला धाक देणारे झाले होते, हे विसरून चालणार नाही.

अरण्यात गेलेला साधक खंजिरी घेऊन गावोगाव फिरू लागला, ही मला त्यांच्या चरित्रातील सर्वांत मोठी घटना वाटते. त्यांच्या भजनांनी पेटलेले चिमूर १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, उठले. पोलिसांच्या गोळीबारात माणसे पडली. संतप्त जमावाच्या हातून सरकारी अधिकारीही मारले गेले. मागाहून आलेल्या लष्कराने गावातील स्त्रियांवर अत्याचार केले. त्यांची चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भन्साळी यांनी ६३ दिवस उपोषण केले. ऑगस्टअखेर तुकडोजींना चंद्रपूर येथे अटक झाली. भजन म्हणणाऱ्या माणसाला सत्ता का भिते, याचे उत्तर चिमूरच्या रस्त्यावर मिळते.

पुढे १९५५ साली ग्रामगीता आली. तिच्या ४१ अध्यायांत श्रम, आरोग्य, ग्रामशुद्धी, स्त्रियांची उन्नती हे विषय आहेत. म्हणजे गावाचा संसारच तेथे काव्याचा विषय झाला. आज तिचे पारायण होते, कवीच्या तसबिरीला हार पडतो. पण ग्रामसभेला गणपूर्ती होत नाही. पूजा सोपी असते, कारण तिच्याने कोणाचेही हितसंबंध दुखावत नाहीत.

या संदर्भात गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) आठवावे. हे काही तुकडोजींच्या वास्तव्याचे ठिकाण नव्हे. पण २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली या गावाने सामूहिक वनहक्क मिळवला, आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. गावाने एकत्र बसून, सर्वसहमतीने कारभार करायचा, हा तेथील शिरस्ता आहे. ग्रामगीतेतील गावाकडे जाणारी वाट कशी असेल, याची कल्पना तेथे येते.

तेव्हा मित्रहो, उद्या गुहेपाशी अवश्य थांबा, पण तेथेच थांबू नका. शेजारच्या गावात बसा आणि विचारा : ग्रामसभा शेवटची केव्हा भरली? तेंदूपानांची मजुरी हाती पडली का? वनहक्काचा दावा कोणत्या कार्यालयात अडला आहे? वाघ पाहायला येणाऱ्यांच्या पैशातून गावाला काय मिळते? स्त्रियांनाही विचारा, त्या मागे बसलेल्या असतील, तर त्यांच्यापाशी जाऊन विचारा. मिळालेली उत्तरे वहीत नोंदवा. परतल्यावर आपण ती वाचू आणि कोणता दावा कोणी हाती घ्यायचा ते त्याच बैठकीत ठरवू.