माहिती मागणारे शब्द
(एका व्याख्यानाचा मजकूर)

शासनाची आणि नागरिकाची पहिली गाठ आता पुष्कळदा कचेरीच्या खिडकीपाशी न पडता पडद्यावरील एखाद्या रकान्यापाशी पडते. खिडकीपाशी ‘हे कशाला हवे?’ असे विचारता येत असे. रकान्याला तसे विचारता येत नाही. त्यामुळे ते उत्तर रकान्याशेजारी आधीच लिहून ठेवणे हे मजकूर लिहिणाऱ्याचे काम ठरते.

भ्रमणध्वनी क्रमांकाचेच उदाहरण घ्यावे. ‘क्रमांक (अनिवार्य)’ एवढेच लिहिले, की ज्या घरात फोन एकच आणि तोही मुलाच्या हाती, त्या घरातील वृद्धा केंद्रचालकाचा क्रमांक देऊन मोकळी होते. अर्जातील उणिवेचा निरोप मग भलत्याच फोनवर जातो, मुदत टळते, आणि अर्ज नामंजूर झाल्याचेही तिला कळत नाही. ‘अर्जात काही कमी असल्यास याच क्रमांकावर कळवू. स्वतःचा फोन नसेल, तर घरातील विश्वासाच्या माणसाचा क्रमांक द्या,’ ही दोन वाक्ये तिथे असती, तर तिचे निवृत्तिवेतन अडले नसते.

शिवाय हा मजकूर अर्जदार स्वतः वाचतोच असे नाही. ‘आपले सरकार’ सेवा केंद्रात अनेकदा चालक वाचतो आणि अर्जदार ऐकतो. ‘उपरिनिर्दिष्ट प्रयोजनार्थ’ असले शब्द कानाला पेलत नाहीत; शासकीय मराठीला मात्र त्यांचा मोह सुटत नाही! मजकूर कायम करण्यापूर्वी तो एकदा मोठ्याने वाचून पाहावा.

खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात दिला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा संमत झाला. संमतीची विनंती स्पष्ट व सोप्या भाषेत असावी आणि ती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याची सोय असावी, असे तो सांगतो. कायद्यातच एक बोलके उदाहरण आहे. फोनवरून वैद्यकीय सल्ला देणारी सेवा रुग्णाकडे त्याच्या फोनमधील संपर्कांची यादीही मागते. रुग्णाने होकार दिला, तरी त्या यादीपुरती ती संमती धरली जात नाही. उपचाराला तिची गरजच नसते.

शासकीय लाभ देताना काही बाबतींत संमतीवाचूनही माहिती वापरण्याची मुभा याच कायद्याने दिली आहे. जिथे नकाराची सोय नाही, तिथे कारण सांगण्याची जबाबदारी वाढते. ‘पतीचे नाव’ हा रकाना परित्यक्तेला काय विचारतो, याचा विचार अर्ज रचतानाच व्हायला हवा. नाव केवळ ओळख पटवण्यासाठी हवे असेल, तर आईचे नावही चालू शकते. महाराष्ट्राने १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत आईचे नाव वडिलांच्या नावाआधी आणलेच आहे.