लढाईचे सोंग : प्रेस्टनपॅन्स ते कलोडन



सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. आज तुमच्यापुढे मी दुसराच प्रश्न ठेवणार आहे. पराभवाचे सोंग आणता येते का? हा प्रश्न मला पडला तो स्कॉटलंडमधल्या एका मैदानावर, हातात चहाचा कागदी पेला घेऊन उभा असताना.

काही वर्षांपूर्वी मुलीकडे एडिंबरोला गेलो होतो. शहराच्या पूर्वेला, समुद्राकाठी, प्रेस्टनपॅन्स नावाचे गाव आहे. तिथे २१ सप्टेंबर १७४५ च्या पहाटे एक लढाई झाली. तिच्या आठवणीसाठी हौशी माणसे ती लढाई मैदानात पुन्हा उभी करतात. एका बाजूला किल्ट नेसलेले, ढाल-तलवारवाले हायलँडर. दुसऱ्या बाजूला लाल डगल्यातली सरकारी पलटण. कपडे बहुतेकांनी स्वतः शिवलेले. बटण कसले होते, कापड कुठल्या विणीचे होते, यावर तास तास वाद घालणारी ही मंडळी. बंदुकीत दारू खरी, गोळी नाही. हायलँडर ओरडत धावून गेले, लाल डगलेवाले पळाले, दहा-पंधरा मिनिटांत सगळे आटोपले. खरी लढाईसुद्धा साधारण तेवढीच चालली होती. मग ध्वनिक्षेपकावरून सूचना झाली आणि मेलेले सगळे उठून उभे राहिले. त्यांनी अंगावरचे गवत झटकले, आम्ही टाळ्या वाजवल्या.

नातीने विचारले, "आजोबा, लाल कपडेवाले म्हणजे इंग्लिश ना?" मी हो म्हणालो. ते चूक होते. आजचे व्याख्यान म्हणजे त्या 'हो'ची दुरुस्ती समजा.

थोडा इतिहास सांगतो. इंग्लंड-स्कॉटलंडचा कॅथलिक राजा दुसरा जेम्स याला १६८८ मध्ये गादी सोडून पळावे लागले. जेम्सचे लॅटिन रूप जाकोबुस, म्हणून त्याच्या घराण्याचे पक्षपाती ते जॅकोबाइट. गादी पुढे जर्मनीतल्या हॅनोव्हर घराण्याकडे गेली. १७१५ आणि १७१९ मध्ये उठाव झाले आणि फसले. १७४५ च्या जुलैत जेम्सचा नातू चार्ल्स एडवर्ड स्टुअर्ट मूठभर माणसांनिशी स्कॉटलंडच्या पश्चिम बेटांवर उतरला. प्रेस्टनपॅन्सला त्याने सरकारी सेनापती सर जॉन कोपला धूळ चारली आणि तो थेट इंग्लंडात डर्बीपर्यंत पोचला. लंडन तिथून सव्वाशे मैलांवर. पण इंग्लंडातून माणसे येऊन मिळेनात, फ्रान्सची मदत दिसेना. सरदारांनी परत फिरायचे ठरवले. १६ एप्रिल १७४६ ला इन्व्हर्नेसजवळ कलोडनच्या माळावर राजाचा मुलगा, ड्यूक ऑफ कंबरलंड, याने ते सैन्य तासाभराच्या आत मोडून काढले. जॅकोबाइटांची दीड हजाराच्या आसपास माणसे मेली किंवा घायाळ झाली. सरकारच्या हिशेबात स्वतःचे मेलेले पन्नास.

आता लाल डगल्यांकडे वळू. कलोडनला कंबरलंडच्या फौजेत स्कॉटलंडच्या जुन्या पलटणी होत्या, कॅम्पबेल कुळाची माणसे होती. उलट राजपुत्राच्या बाजूला मैदानी मुलखातले स्कॉट होते, फ्रान्सच्या चाकरीतले आयरिश होते आणि आधी डर्बीच्या मोहिमेत तर मँचेस्टरला एक इंग्लिश पलटणसुद्धा त्याच्यासाठी उभी राहिली होती. लॉर्ड किल्मार्नक जॅकोबाइटांकडून लढताना पकडला गेला. त्याला बोडक्या डोक्याने सरकारी रांगांसमोरून नेत असताना एक तरुण अधिकारी पुढे आला आणि त्याने आपली टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली, असे सांगतात. तो त्याचाच मुलगा होता. ऑगस्टमध्ये लंडनच्या टॉवर हिलवर किल्मार्नकचे डोके उडवले गेले. ही लढाई भाऊबंदकीची होती, गादीची होती, धर्माचीही होती. पण मैदानात दोनच रंगांचे कपडे असले की दोन देशच दिसतात. आठ वर्षांच्या मुलीला दिसले तर तिचा काय दोष? साठी उलटलेल्या, हयातभर इतिहास शिकवलेल्या मला तरी वेगळे कुठे दिसले?

सोंगात न मावणारी दुसरी गोष्ट म्हणजे लढाईनंतरचे दिवस. जखमींना माळावरच मारले गेले. खेडी जाळली, गुरे हाकून नेली. शंभरावर लोकांना देहदंड झाला, शेकडो कैदी अमेरिकेच्या आणि वेस्ट इंडिजच्या वसाहतींत धाडले गेले. कुळप्रमुखांचे वंशपरंपरागत न्यायाधिकार कायद्याने काढून घेतले. हायलँडरचा पोशाख घालायला बंदी आली, ती १७८२ पर्यंत टिकली. तलवारीचा हल्ला पंधरा मिनिटांत दाखवता येतो. जळक्या घरातली बाई हिवाळा कसा काढते हे कोणत्या मैदानात दाखवणार? आणि तिकीट कोण काढणार?

या विस्मरणाला पहिले देखणे रूप दिले ते एका थोर लेखकाने. सर वॉल्टर स्कॉटची 'वेव्हर्ली' ही कादंबरी १८१४ ची, याच उठावावरची. तोवर स्टुअर्टांचा धाक संपला होता, त्यामुळे त्यांच्यावर प्रेम करणे सुरक्षित झाले होते. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला तेव्हा सारा समारंभ स्कॉटनेच आखला आणि राजाने त्यात किल्ट नेसला. हा राजा म्हणजे कंबरलंडच्या सख्ख्या भावाचा नातू. ज्या घराण्याने तो पोशाख गुन्हा ठरवला, त्याच घराण्याने तो सणाचा केला. माझ्या मते लढाईचे पहिले मोठे सोंग ते, आणि ते जिंकणाऱ्यांनी आणले होते.

कलोडनला गेलात तर तिथे दर एप्रिलला स्मरणविधी होतो. इन्व्हर्नेसच्या गॅलिक सोसायटीचा त्यात पुढाकार असतो, पुष्पचक्रे वाहिली जातात. माळावर कुळांची नावे कोरलेले दगड आहेत, ते १८८१ मध्ये बसवलेले, म्हणजे लढाईनंतर १३५ वर्षांनी. त्यातल्या एका दगडावर 'इंग्लिशांचे शेत' अशा अर्थाची अक्षरे आहेत. सरकारी फौजेत मेलेल्या स्कॉट माणसाला ना कुळाच्या दगडाखाली जागा, ना त्या शेतात स्वतःचे नाव. अलीकडे दूरदर्शनवरच्या एका मालिकेमुळे फ्रेझर कुळाच्या दगडाकडे इतकी गर्दी लोटली की तिथले गवत झिजले आणि काही काळ जागा आखून बंद ठेवावी लागली. मालिकेचा नायक फ्रेझर आहे. तो काल्पनिक, दगडाखालची माणसे खरी.

सोंग खरे होऊ शकते का? एकदा झाले, असे मी म्हणेन. १९६४ मध्ये पीटर वॉटकिन्सने बीबीसीसाठी 'कलोडन' हा चित्रपट केला. नट बहुतेक हौशी, हायलँडरांच्या भूमिकांत इन्व्हर्नेसकडची साधी माणसे, काही तर तिथे लढलेल्यांचे वंशज. कॅमेरा बातमीदारासारखा रांगेतून फिरतो आणि शिपायांना विचारतो, तू इथे का आलास? उत्तर येते, मालकाने आणले, नाही तर घर जाळले असते. त्यात राजपुत्र शूर नाही आणि माळ सुंदर नाही. लढाई संपल्यावरही चित्रपट संपत नाही, तो गावांत शिरतो.

आता आपल्या दाराशी येतो. पोशाखाच्या बंदीतून सरकारी फौज वगळलेली होती. हायलँडच्या तरुणाला किल्ट हवा असेल, पगार हवा असेल, तर वाट लाल डगल्यातूनच होती. मॅकेंझी कुळाचा प्रमुख १७१५ मध्ये स्टुअर्टांसाठी लढला होता. त्याच कुळाच्या प्रमुखाने १७९३ मध्ये इंग्रज राजासाठी ७८ वी हायलँड पलटण उभी केली. २३ सप्टेंबर १८०३ ला, कलोडननंतर ५७ वर्षांनी, ती पलटण आणि ७४ वी हायलँड पलटण असईला दौलतराव शिंद्यांच्या तोफांवर चालून गेल्या. ७४ वी तर गावाजवळ जवळजवळ कापली गेली. शिंद्यांच्या कवायती पायदळाचा सेनापती होता पोलमन, मूळचा हॅनोव्हरचा! कंपनीच्या बाजूला लढणाऱ्यांत मोठा भरणा मद्रासच्या शिपायांचा. मग सांगा, तिथे कोण कोणाविरुद्ध लढत होते? आपण ज्याला लष्कर म्हणतो, जिथे ही सभा भरली आहे, ते शहर त्याच दौलतरावांच्या छावणीतून वाढले. असईचे सोंग आपण कधी आणले नाही. शिवजयंतीच्या मिरवणुकीत अफझलखान व्हायला पोरगा मिळत नाही, तर हरलेला शिंदेशाही गोलंदाज व्हायला कोण तयार होणार?

त्या दिवशी प्रेस्टनपॅन्सला खेळ संपल्यावर एक लाल डगलेवाला गृहस्थ गवतात बसून बंदुकीची नळी पाण्याने धूत होता. मी त्याच्याशी बोलू लागलो. त्याचे पूर्वज राजपुत्राकडून लढले होते, म्हणाला. मग हा डगला? "किल्ट घालायला सगळेच तयार असतात. पळायला कोणी तरी हवे ना." मी कुठला ते त्याने विचारले. ग्वाल्हेर, शिंद्यांचे, असे सांगताच त्याने मान वर केली. त्याचे आजोबा हायलँड लाइट इन्फंट्रीत होते. त्यांच्या टोपीवरच्या बिल्ल्यावर हत्ती होता आणि नाव होते, असई. लहानपणी तो बिल्ला घेऊन तो खेळत असे, पण ते गाव कुठे आहे हे त्याला कोणी सांगितले नव्हते. मी सांगितले. जालना जिल्हा, दोन नद्यांच्या बेचक्यात.

"तुमची माणसे कोणत्या बाजूला होती?" त्याने विचारले.

"आमची दफ्तरात होती," मी म्हणालो, "पगाराचा हिशेब लिहीत."

तो हसला, आणि नळी पुसायला फडके माझ्याकडेच मागितले.