डिगरीचं देणं

(वस्तीतल्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



विषय दिलाय 'पदवीधर आणि त्याचं विद्यापीठ'. आणि बोलायला उभा केलाय दहावी पास माणूस, गोदीत मालाची चढउतार करणारा. समोर बी.ए., बी.कॉम. झालेले बसलेत. म्हणाल, याला काय कळतं विद्यापीठातलं? आतलं नाही कळत. पण जो दाराबाहेर राहिला त्याला दार चांगलं ठाऊक असतं. कुणासाठी उघडतं, कुणाच्या तोंडावर आपटतं, आणि आत गेलेला आपला माणूस वळून बघतो की नाही, हे बाहेरच्याला दिसतं.

मी एकाच पदवीधराबद्दल बोलणार. बाबासाहेबांबद्दल.

१९१२ साली ते एल्फिन्स्टन कॉलेजातून मुंबई विद्यापीठाचे बी.ए. झाले. १९१३ साली सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला, कोलंबिया विद्यापीठात. १९१५ ला एम.ए. १९१६ च्या मे महिन्यात गोल्डनवायझर यांच्या चर्चावर्गात त्यांनी जातींवरचा निबंध वाचला. वय पंचवीस. इथं ज्याला शाळेत गोणपाटावर वेगळं बसवलं, तो तिथं जात कशी जन्मली ते प्रोफेसरांना समजावून सांगत होता.

पुढं लंडन. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि परतावं लागलं. महायुद्ध चालू होतं. सामानाची बोट टॉर्पेडोनं बुडाली, त्यात त्यांची पुस्तकं गेली. आम्ही गोदीवाले पेट्या रोज उचलतो. एक पेटी फुटली तर मुकादम आयमाय काढतो, आणि मालकाला विम्याचे पैसे मिळतात. पोटाला चिमटा घेऊन जमवलेल्या पुस्तकांची भरपाई कोण देणार होतं?

डॉक्टरेटचं तर ऐकाच. कोलंबियात तेव्हा प्रबंध छापून त्याच्या प्रती जमा कराव्या लागत. प्रबंध पुस्तकरूपानं निघाला १९२५ साली, त्यांचे प्रोफेसर सेलिगमन यांची प्रस्तावना घेऊन. पीएच.डी. रीतसर हातात पडली १९२७ साली. कोलंबिया सोडून अकरा वर्षं झाली होती.

हे १९२७ साल ध्यानात ठेवा. मार्चमध्ये महाडचं चवदार तळं. त्याच वर्षी डॉक्टरेट. आणि त्याच वर्षी मुंबईच्या कायदेमंडळात मुंबई विद्यापीठाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं बिल आलं. विद्यापीठाचा हा जुना विद्यार्थी बोलायला उभा राहिला. त्यानं विद्यापीठाच्या आरत्या ओवाळल्या नाहीत. सिनेटवर मागासवर्गांची माणसं पाहिजेत, ही बाजू मांडली. बाकीच्या सुखसोयी एक वेळ सोडू, पण वरच्या शिक्षणाचा हक्क सोडणार नाही, असा त्या बोलण्याचा अर्थ. म्हणजे तळं आणि विद्यापीठ, दोन्हींवरचा हक्क एकाच साली मागितला.

कुणी म्हणेल, मग त्यांना विद्यापीठाबद्दल माया नव्हती का? होती ना! आयुष्यातले सगळ्यात चांगले मित्र कोलंबियातले सोबती आणि तिथले प्रोफेसर, असं त्यांनी १९३० साली तिथल्या माजी विद्यार्थ्यांच्या मासिकात लिहिलंय. १९३६ च्या, लाहोरात होऊ न दिलेल्या भाषणात जॉन ड्युई या गुरूचं ऋण मान्य केलंय. १९५२ साली कोलंबियानं त्यांना सन्माननीय डॉक्टरेट द्यायला बोलावलं. ड्युईंना भेटायची ओढ होती. १ जूनला ड्युई गेले, ५ जूनला पदवी मिळाली. भेट राहून गेली.

पण ऋण त्यांनी कुठं फेडलं? १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं. सकाळचे वर्ग ठेवले, नोकरी करणाऱ्याला शिकता यावं म्हणून. १९५० साली औरंगाबादला कॉलेज काढलं, तेच आजचं मिलिंद. स्वतः घेतलं ते दुसऱ्यांसाठी उघडं केलं. याला मी पदवीधराचं नातं म्हणतो.

आज कोलंबियाच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा आहे. आणि इथं? जुलै १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाला त्यांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळानं केला, तर आपल्या वस्त्या पेटवल्या. पोचिराम कांबळेंचा जीव घेतला. नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला, तेही 'मराठवाडा' कायम ठेवून. साडेपंधरा वर्षं! ज्यांची घरं जळली त्यांतल्या कितीजणांनी विद्यापीठाची पायरी पाहिली होती? न शिकलेल्यांनी विद्यापीठासाठी किंमत मोजली, दोस्तहो. मग शिकलेल्यांनी काय मोजलं?

आता थेट तुम्हाला विचारतो. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानं अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून द्यायच्या १० जागा आहेत. त्यांतल्या ५ राखीव. अधिसभा म्हणजेच ते सिनेट, ज्याच्यासाठी बाबासाहेब १९२७ साली भांडले. तुमच्यापैकी किती जणांनी मतदार म्हणून नाव नोंदवलंय? हात वर करा. लाजू नका.

डिगरी फ्रेम करून भिंतीला लावली, पेढे वाटले, लग्नाच्या बायोडाट्यात लिहिली, की संपलं? तिकडं शिष्यवृत्ती वेळेत येत नाही, वसतिगृहात पोरींना जागा नाही, फॉर्ममध्ये काय भरायचं ते सांगायला घरात कुणी नाही. हे अधिसभेत मांडायला माणूस लागतो. तो निवडायला मत लागतं. ते मत मला नाही, मी दहावीवाला. माझ्या टोळीतल्या एकालाही नाही. ते तुमच्याकडं आहे, आणि नोंदणी करायचा तुम्हाला कंटाळा येतो!

उद्या माझी पहिली पाळी आहे, सुटलो की संध्याकाळी इथंच येऊन बसतो. तुम्ही पदवीच्या दाखल्याची झेरॉक्स घेऊन या. नोंदणीचे अर्ज कधी सुटतात, कुठं भरायचे, याची यादी करू. आणि प्रत्येक पदवीधरानं वस्तीतलं एक पोरगं किंवा पोरगी धरायची, कॉलेजात नाव घालण्यापासून डिगरी हातात पडेपर्यंत. पोरांची नावं मी आणतो. बारावीला बसलेली माझ्या गल्लीतच सात आहेत.

जय भीम!