हजेरीपटावर नाव हवे

महाराष्ट्रातून तसेच दिल्ली, गुरुग्राम, फरिदाबादहून आलेले उद्योजक, कामगार कायद्याचे वकील, कार्मिक अधिकारी आणि कामगार संघटनांचे प्रतिनिधी,

या परिषदेच्या स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे पानिपतात मनःपूर्वक स्वागत करतो. मराठी माणूस या गावी येतो तो बहुधा 14 जानेवारीच्या आसपास. काला आंबच्या स्मारकापुढे नतमस्तक होतो आणि संध्याकाळी दिल्लीला परततो. उद्या सकाळी आपणही तिथे जाणार आहोत. आज मात्र मला आपले लक्ष या गावाच्या कारखान्यांकडे वेधायचे आहे.

परदेशांत टाकून दिलेले लोकरीचे कपडे इथे गठ्ठ्यांनी येतात. बायका त्यांची बटणे, चेन काढून रंगांप्रमाणे ढीग लावतात. मग ते यंत्रावर फाडले जातात, पिंजले जातात, त्यांचे सूत होते आणि त्या सुताची कंबलं. भूकंपात, पुरात, निर्वासितांच्या छावण्यांत जी स्वस्त कंबलं वाटली जातात, त्यांतली कितीतरी याच गावात विणलेली असतात. विणणारे हात बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश आणि बंगालचे. त्यांतले पुष्कळ पीस रेटवर काम करतात आणि अनेकांची गाठ मालकाशी पडतच नाही. मध्ये ठेकेदार असतो.

25 मार्च 2020 पासून कोविडमुळे देश बंद झाला. 29 मार्चला केंद्रीय गृह मंत्रालयाचा आदेश आला. आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली काढलेला तो आदेश अगदी स्पष्ट होता: कारखाना असो वा दुकान, बंद काळाचे पूर्ण वेतन ठरल्या तारखेला, कोणतीही कपात न करता द्यायचे. घरमालकांनीही कामगारांकडे महिनाभराचे भाडे मागायचे नाही. आम्ही मालक मंडळींनी तो वाचला आणि पहिला प्रश्न पडला तो पैशाचा. माल अडकला होता, परदेशी ऑर्डरी थांबल्या होत्या. तो प्रश्न खरा होता, खोटा नव्हता. पण त्याच्या मागे दुसरा, अधिक मोठा प्रश्न होता आणि तो फार थोड्यांनी विचारला. हे वेतन नेमके कोणाला द्यायचे? मस्टरवर असलेल्यांना देता आले. ज्याचे नाव फक्त ठेकेदाराच्या वहीत, तेही अर्धेच, त्याला कोणत्या खात्यात पैसे पाठवायचे? तो माणूस तोवर पिशवी खांद्यावर टाकून सनौली रस्त्याने यमुनेच्या पुलाकडे चालू लागला होता.

वकील मंडळींना पुढचा इतिहास पाठ आहे, म्हणून तो थोडक्यात सांगतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात न्या. रवींद्र घुगे यांनी 30 एप्रिल 2020 रोजी या आदेशात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. हजेरीवर अवलंबून असलेले प्रवास आणि भोजन भत्ते सोडून बाकी वेतन द्यावे, पण जिथे कारखाना सुरू करण्याची परवानगी मिळाली आहे तिथे कामगार स्वेच्छेने आला नाही तर कपात करता येईल, असे त्यांनी सांगितले. 18 मेपासून केंद्राने स्वतःच तो आदेश मागे घेतला. 12 जूनला सर्वोच्च न्यायालयाने फिकस पॅक्स प्रकरणात मालकांवर सक्तीची कारवाई थांबवली आणि त्या 50 दिवसांच्या वेतनाबद्दल मालक-कामगारांनी आपसांत बोलणी करावीत, असा मार्ग दाखवला. गावी पोचलेल्या विणकराने कोणाशी बोलणी करायची होती?

त्याच उन्हाळ्यात गुजरात, राजस्थान, हरियाणा, महाराष्ट्र अशा अनेक राज्यांनी कारखाने कायद्यातून सूट देऊन 12 तासांच्या पाळीला वाट करून दिली. गुजरातने तर जादा तासांचा दुप्पट दरही काढून घेतला. 1 ऑक्टोबर 2020 रोजी न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने ती अधिसूचना रद्द केली. महामारीमुळे आलेली आर्थिक मंदी म्हणजे त्या कायद्याच्या कलम 5 मधली सार्वजनिक आणीबाणी नव्हे, हा तो निकाल. मालक असूनही मी त्याचे स्वागत करतो. थकलेल्या माणसाच्या हातून यंत्रावर काय होते, हे पिंजणखात्यात उभे राहिलेल्याला सांगावे लागत नाही.

आपण महाराष्ट्रातून आलात, म्हणून साथीच्या काळातल्या मजुरीची एक जुनी आठवण आपल्यालाच सांगण्याचे धाडस करतो. 1896 च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग शिरला आणि गिरणीकामगार कोकणात, घाटावर निघून गेले. तोवर गिरण्या पगार उशिरा देत आणि त्या थकलेल्या पगाराच्या दोरीने माणूस बांधून ठेवत. प्लेगमध्ये ती दोरी तुटली. मालकांना रस्त्याच्या कोपऱ्यांवर उभे राहून रोजच्या रोज रोख मजुरी कबूल करावी लागली. सरकारने 4 फेब्रुवारी 1897 रोजी साथरोग कायदा केला; त्यात अधिकाऱ्यांना अमर्याद अधिकार होते आणि मजुराच्या पोटाबद्दल एक अक्षर नव्हते. पाचच दिवसांनी, 9 फेब्रुवारीला, नारायण मेघाजी लोखंडे त्याच प्लेगला बळी पडले. गिरणीकामगारांना रविवारची सुट्टी मिळवून देणारा हा माणूस. 2020 मध्येही आपण तोच 1897 चा कायदा बाहेर काढला.

दरम्यान 1979 चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा आपल्याकडे होताच. ठेकेदाराने फोटो असलेले पासबुक द्यावे, जाण्यायेण्याचे भाडे द्यावे, प्रवासाच्या दिवसांचे वेतन द्यावे, आणि ठेकेदाराने टाळले तर ते मुख्य मालकावर येते, असे त्यात लिहिलेले होते. 41 वर्षे तो पुस्तकात होता. तो पाळला गेला असता तर जी. टी. रोडवरची ती पायपीट कितीतरी कमी झाली असती, असे मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो.

मदतही नोंदीवरच आली. 100 पर्यंत कामगार आणि त्यांतले 90 टक्के 15,000 रुपयांखालचे, अशा आस्थापनांसाठी मार्च ते ऑगस्ट 2020 या काळात भविष्य निधीची दोन्हीकडची मिळून 24 टक्के वर्गणी सरकारने भरली. कर्मचारी राज्य विमा महामंडळाने (ईएसआय) बेकारी साहाय्य वेतनाच्या 25 टक्क्यांवरून 50 टक्क्यांवर नेले. पुढे कोविडने गेलेल्या विमाधारकाच्या कुटुंबाला त्याच्या सरासरी वेतनाच्या 90 टक्के देण्याची योजना आली. वर्गणी वाचवणाऱ्या मालकाच्या कामगाराला यांतले काहीच मिळाले नाही.

आणि 2020 मध्येच हरियाणा विधानसभेने दरमहा 50,000 रुपयांपर्यंतच्या खासगी नोकऱ्यांत 75 टक्के जागा स्थानिकांना राखून ठेवणारा कायदा मंजूर केला. जी माणसे परत यावीत म्हणून आम्ही बस पाठवत होतो, त्यांचीच दारे त्यात बंद होत होती. 17 नोव्हेंबर 2023 रोजी पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने तो रद्द केला.

आता 21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रमसंहिता लागू आहेत. स्वतःहून आलेला मजूरही आता स्थलांतरित कामगार ठरतो, ही चांगली गोष्ट आहे. महामारीत वर्गण्या तीन महिन्यांपर्यंत पुढे ढकलण्याचा किंवा कमी करण्याचा अधिकारही केंद्राला मिळाला आहे. पण सरकारच्या हुकमाने कारखाना बंद राहिला तर वेतन कोणी द्यायचे, या प्रश्नाला उत्तर अजून ले-ऑफच्या जुन्या 50 टक्के भरपाईपाशीच थांबते. पूर्ण ओझे मालकावर टाकून चालत नाही, हे 2020 ने दाखवले. अर्धे कामगारावर टाकूनही चालत नाही.

म्हणून या परिषदेकडे स्वागत समितीची एक मागणी आहे. दुपारच्या सत्रात एक ठराव मांडला जाईल: सक्तीच्या बंद काळासाठी मालक, राज्य आणि ईएसआय यांच्या हिश्शांचा वेतन निधी आधीच उभा असावा आणि त्याचे प्रमाण कायद्यात लिहिलेले असावे. त्यासोबत इथल्या मालकांसाठी एक अट आहे. ठेकेदाराकडच्या प्रत्येक माणसाचे नाव, गाव आणि बँक खाते आपल्या हजेरीपटावर घेतल्याशिवाय या ठरावावर सही करू नये. माझ्या कारखान्याची यादी मी आज कार्यवाहांकडे दिली आहे. ठरावाच्या प्रती नोंदणी कक्षात ठेवल्या आहेत. कामगार प्रतिनिधींनी त्यावर आपल्या दुरुस्त्या जेवणाच्या सुट्टीपूर्वी लिहून द्याव्यात.

आपल्या निवासाची, प्रवासाची काही अडचण असेल तर आमच्या कार्यकर्त्यांना निःसंकोच सांगा. पुन्हा एकदा सर्वांचे स्वागत करतो आणि उद्घाटकांना दीपप्रज्वलनाची विनंती करतो.