रायफलचा ट्रिगर दगा देतो तेव्हा



1 ऑगस्ट 2024 रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवलं. गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि उभं राहून, अशा तीन स्थितींत या प्रकारात नेम धरायचा असतो. पन्नास मीटरवरच्या लक्ष्यात दहा गुणांचं वर्तुळ फक्त 10.4 मिलिमीटर व्यासाचं असतं. तिथं गोळी पोचवायची, तर श्वास, नजर आणि बोट यांचा मेळ बसावा लागतो. हा मेळ शेवटी येऊन थांबतो एका छोट्या लोखंडी पात्यावर, म्हणजे ट्रिगरवर. तो बेभरवशाचा झाला तर नेमका दोष कसा शोधायचा, याविषयी मी आज बोलणार आहे.

स्पर्धेच्या रायफलचा ट्रिगर बहुधा दोन टप्प्यांचा असतो. पहिल्या टप्प्यात पातं थोडं मागं येतं आणि एका जागी अडतं. बोटाला तिथं स्पष्ट अडथळा जाणवतो. त्यावर अगदी थोडा दाब वाढवला की आतला खटका, ज्याला आपण सीअर म्हणतो, तो सुटतो आणि फायरिंग पिन पुढं झेपावते. खेळाडूचा सगळा विश्वास त्या अडथळ्यावर असतो. तो रोज त्याच जागी आणि तेवढाच जाणवायला हवा. ट्रिगर किती हलका आहे, यापेक्षा तो दर वेळी सारखा आहे का, हे मला महत्त्वाचं वाटतं. 50 मीटर रायफलला आणि दहा मीटरच्या एअर रायफलला ट्रिगरच्या किमान वजनाची अट नाही. एअर पिस्तुलाला 500 ग्रॅमची आहे, 300 मीटर स्टँडर्ड रायफलला 1500 ग्रॅमची. अट नाही म्हणून आमची मुलं ट्रिगर हलका, आणखी हलका करत जातात आणि निम्मी दुखणी तिथूनच सुरू होतात.

तक्रार आली की आधी रायफल रिकामी करायची. बोल्ट उघडा, चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहा, सेफ्टी फ्लॅग घाला, काडतुसं दुसऱ्या टेबलावर ठेवा. मगच खेळाडूला विचारा, नक्की काय होतं? ‘ट्रिगर खराब आहे’ हे उत्तर पुरेसं नाही. बोल्ट बंद करतानाच बार उडतो, की ट्रिगर ओढूनही उडत नाही, की उडतो पण दर वेळी वेगळा लागतो? या तिन्ही तक्रारींची मुळं वेगळी आहेत.

पहिली सगळ्यांत गंभीर. बोल्ट लावताना पिन सुटत असेल, तर सीअरची पकड फार कमी ठेवली गेली आहे, किंवा त्याची धार झिजली आहे. रिकाम्या रायफलचा बोल्ट जरा जोरानं पाच-सहा वेळा बंद करून पाहा, दस्ता रबरी मॅटवर हलकेच आपटून पाहा. पिन एकदा जरी आपोआप सुटली तरी ती रायफल त्या दिवशी फायरिंग पॉइंटवर जाता कामा नये. इथं तडजोड नाही.

दुसऱ्या तक्रारीत ट्रिगरवर बरेचदा उगाच आळ येतो. ‘खट्’ आवाज आला आणि गोळी सुटली नाही, तर नळी लक्ष्याकडेच ठेवून किमान तीस सेकंद थांबायचं, कारण काडतूस उशिरानंही पेटू शकतं. मग ते बाहेर काढून कडेवरचा पिनचा ठसा पाहायचा. ठसा खोल असेल तर शंका काडतुसावर. ठसा उथळ असेल तर स्प्रिंग थकलेली असेल, किंवा बोल्टच्या आत जुनं ग्रीस घट्ट झालं असेल. अशा वेळी ट्रिगरचे स्क्रू फिरवणं म्हणजे डोकं दुखतंय म्हणून पायाला मलम लावणं. ‘खट्’ आवाजच आला नाही, तर मात्र खटक्याकडे वळायचं.

तिसरी तक्रार सगळ्यांत चिवट, म्हणून तिथं जास्त वेळ द्यावा लागतो. आमच्या रेंजवर एका पावसाळ्यात एक मुलगी सांगत आली की झोपून नेम धरताना दुसरा टप्पा मध्येच नाहीसा होतो. उभ्यानं सगळं ठीक असतं. स्थितीनुसार दोष बदलतो म्हटल्यावर संशय ट्रिगरवरून लाकडी दस्त्याकडे गेला. दस्त्यातून यंत्रणा बाहेर काढली, तेव्हा ट्रिगर अगदी स्वच्छ सुटत होता. दस्त्यात बसवून झोपून पट्टा ताणला की लगेच बिघडत होता. पावसाच्या दमट हवेत लाकूड फुगलं होतं आणि ट्रिगरच्या पेटीची एक कड आतल्या खाचेला घासत होती. लाकडावर चमकदार रेघ उमटली होती. तेवढी जागा मोकळी केली, दस्त्याचे स्क्रू कंपनीनं सांगितलेल्या ताकदीनंच आवळले आणि तक्रार थांबली. म्हणून माझा आग्रह असतो, की ट्रिगर दस्त्याच्या बाहेर आणि आत, दोन्हीकडे तपासावा. ट्रिगरच्या वजनकाट्यानं दहादा मोजावं, आकडे लिहावेत. आकडे सारखे आले तर दोष बोटात किंवा शरीराच्या ठेवणीत शोधायला हरकत नाही. आकडे इकडेतिकडे गेले तर दोष यंत्रात आहे.

यंत्रातला सर्वांत सामान्य दोष म्हणजे तेल. प्रेमापोटी ट्रिगरमध्ये तेलाचा फवारा मारला जातो. त्या तेलात धूळ बसते, काडतुसाच्या गोळीवरचं मेण आणि जळालेल्या दारूची काजळी बसते, त्याचा चिकट थर होतो. आपल्याकडच्या उबेत तो खपून जातो. हाच खेळाडू डिसेंबरच्या सकाळी दिल्लीला तुघलकाबादच्या रेंजवर उभा राहिला की ट्रिगर जड होतो, खटका आळसावतो. उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेल्या द्रावणानं साफ करावं, पूर्ण वाळू द्यावं आणि तेल सांगितलेल्या जागीच, सुईच्या टोकाइतकं द्यावं.

स्क्रू फिरवायचाच असेल तर आधी त्याची मूळ जागा खुणेनं नोंदवा. एका वेळी एकच स्क्रू, पाव फेरा, मग पुन्हा चाचणी. आणि पुस्तिकेच्या पलीकडचं काम, सीअर घासणं किंवा भाग बदलणं, घरी करू नका. 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार बंदुकीच्या दुरुस्तीला परवाना लागतो, आणि सीअरवर कानस चालवणारा हौशी हात पुढच्या अपघाताची तयारी करत असतो.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगरची तऱ्हा वेगळी. तिथं बॅटरी, जोडण्या आणि ओलावा पाहायचा. 25 जुलै 2021 रोजी टोकियोत मनू भाकरच्या एअर पिस्तुलाचा इलेक्ट्रॉनिक ट्रिगर पात्रता फेरी चालू असतानाच बिघडला. दुरुस्तीत मौल्यवान मिनिटं गेली. ती 575 गुणांवर, बाराव्या क्रमांकावर राहिली आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये तिनं दोन कांस्यपदकं घेतली, पण टोकियोतली ती मिनिटं काही परत आली नाहीत. स्पर्धेत असं झालं तर नळी लक्ष्याकडे ठेवा, हात वर करून पंचांना बोलवा, जागेवर बसून हत्यार उघडू नका.

पुण्याच्या बालेवाडीसारख्या मोठ्या क्रीडा संकुलाची गोष्ट वेगळी. मला काळजी जिल्ह्याच्या रेंजची वाटते. तिथं एकच रायफल दिवसभरात अनेक मुलांच्या हातून जाते आणि ती कुणाचीच नसते. क्लबचालकांना आणि जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे, की प्रत्येक रेंजवर एक ट्रिगरचा वजनकाटा ठेवा आणि प्रत्येक रायफलीची एक वही ठेवा. साफसफाई कधी झाली, वजन किती भरलं, कोणता स्क्रू कुणी हलवला, हे तिच्यात तारखेसह लिहून काढा. येत्या हंगामाच्या पहिल्या सरावापासून सुरुवात करा.