विमान दहा तासांचं, फराळ दहा दिवसांचा



गणपती गावाला गेले की लालबागच्या चिवडा गल्लीत दिवाळीची लगबग सुरू होते. दादर-गिरगावात 'फराळ परदेशी पाठवून मिळेल' अशा पाट्या लागतात. लालबाग-परळच्या आमच्या बचत गटांतल्या बायकाही हे काम करतात. आता गावाकडचे गट विचारतात, 'आम्हाला जमेल का?' जमेल. पण आधी अंतराचा हिशेब समजून घेऊ या.

मुंबईहून दुबई सुमारे १,९०० किलोमीटर. विमानाला तीन-साडेतीन तास लागतात. लंडन ७,२०० किलोमीटर, थेट विमानाने नऊ-दहा तास. न्यूयॉर्क साडेबारा हजार किलोमीटर, पंधरा-सोळा तास. १९४८ च्या जूनमध्ये एअर इंडियाचं पहिलं विमान मुंबईहून लंडनला निघालं, ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत गेलं होतं. आता मध्ये थांबावं लागत नाही.

मग पार्सलला आठ-दहा दिवस का लागतात? कारण विमानाचा प्रवास हा त्यातला लहानसा तुकडा. गावातून मुंबई, कुरियरचं गोदाम, वजन, कागदपत्रं, इकडचं कस्टम, तिकडचं कस्टम आणि शेवटी घरपोच. दिवाळीत गर्दी, म्हणून आणखी उशीर. तेव्हा दिवस उलटे मोजा. वसुबारसेला डबा तिथे उघडायचा, तर पार्सल मुंबईतून निदान पंधरा दिवस आधी निघायला हवं. तळण त्याच्या दोन-तीन दिवस आधी.

यावरूनच पदार्थ ठरतात. चकली, कडबोळी, शंकरपाळे, भाजक्या पोह्यांचा चिवडा हे टिकतात. ओल्या नारळाची करंजी नको. खवा, पेढे, बर्फी नकोच. दुधाच्या पदार्थांवर अनेक देशांत बंदी किंवा कडक अटी आहेत. तळण पूर्ण गार झाल्याशिवाय पिशवी बंद करू नका, नाहीतर वाफ धरते.

आता पैशाची गोष्ट. कुरियरवाले खोक्याचं आकारमानही मोजतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५,००० ने भागायचं. ४० बाय ३० बाय २५ चं खोकं म्हणजे ६ किलो. आत चिवडा ४ किलोच असला, तरी पैसे ६ किलोचे. म्हणून चिवड्याबरोबर लाडू, शंकरपाळे असे वजनदार पदार्थ भरा आणि रिकामी जागा ठेवू नका.

पाठवण्याचा खर्च बऱ्याचदा फराळापेक्षा जास्त येतो. तो गटाच्या बचतीतून घालू नका. ती बचत कुणाच्या तरी औषधाची, कुणाच्या फीची असते. गिऱ्हाइकाकडून सगळे पैसे आधी घ्या. अन्नपदार्थ विकायची नोंदणी करून घ्या. पाकिटावर घटक आणि तारीख लिहा.

पुढच्या बैठकीत एवढंच ठरवा: कोणते चार पदार्थ, किती किलो आणि कोणत्या तारखेला पार्सल निघणार. इतिवृत्तात नोंद करा आणि कामाला लागा.